लाईटची गळती शोधणारी डेटा सर्व्हिस : आमच्या कॉम्प्लेक्सला लावली, पैसे वसूल झाले का?

सरळ सांगतो, सर्व्हिस घेण्यासारखी आहे, पण ब्रोशरवर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं 'एआय वीजचोरी शोध' बघून घेऊ नका. हिची खरी किंमत आहे बेरीज-वजाबाकीत. ती बेरीज-वजाबाकी दर पंधरा मिनिटाला आणि सगळ्या मीटरची एकाच टायमाला होते, एवढ्या एका गोष्टीनं आमच्या मिटींगमधली निम्मी भांडणं संपलीत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कोल्हापुरात त्यांची गिऱ्हाइकं मोजकी आहेत, नाव टाकलं की कॉम्प्लेक्स कळणार आणि कॉम्प्लेक्स कळलं की खाली ज्या दुकानांबद्दल लिहिलंय ती पण कळणार, मग उद्या चहाच्या गाड्यावर कोण तरी मला धरणार, कशाला ते.

आमचं कॉम्प्लेक्स शाहूपुरीत. खाली दुकानं, मधे ऑफिसं आणि एक लॅब, वर क्लासवाले, बेसमेंटला गोडाऊन आणि पार्किंग. बाहेरून लाईटचं एकच मोठं कनेक्शन आणि आत प्रत्येक गाळ्याला सोसायटीचा सबमीटर. बिल एकच येतं, ते सबमीटरप्रमाणं वाटायचं, आणि मेन मीटर आणि सबमीटरच्या बेरजेत जो फरक येतो तो स्क्वेअर फुटावर सगळ्यांच्या माथी. फरक दोन-तीन टक्के असता तर कोण बोललं नसतं, पण तो वाढत वाढत बिलाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर गेला आणि मग सुरू झालं, हा चोरतोय, तो चोरतोय, लॅबवाल्याचा फ्रीज रात्रभर चालतोय, क्लासवाल्याचे एसी बघा. त्यात रीडिंग घ्यायचा वॉचमन, वहीत लिहून. खालचे मीटर सकाळी, वरचे जेवण झाल्यावर आणि बेसमेंटचे आठवलं तर दुसऱ्या दिवशी. अशा रीडिंगवरनं फरक काढला तर तो कधी चार टक्के दिसणार, कधी चौदा, त्यातनं काय समजणार डोंबल.

गावाकडं दूध संस्थेत असतं तेच हे. सभासदांनी घातलेल्या दुधाची बेरीज आणि टँकरात भरलेलं दूध जुळलं पाहिजे, नाही जुळलं तर मधे कोण तरी पितंय नाहीतर माप चुकतंय. स्मार्ट ग्रीडमध्ये वीजचोरी पकडायची म्हणतात त्याचा पाया पण हाच. डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, एक मीटर, त्या डीपीवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक मीटर, सगळ्यांचं रीडिंग एकाच वेळी, आणि वजाबाकी. केंद्र सरकारची वीज वितरण सुधारायची आरडीएसएस योजना २०२१ ला आली, त्यात देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर लावायचं उद्दिष्ट आहे, आणि गिऱ्हाइकांबरोबर डीपी आणि फीडरला (डीपींना वीज आणणारी मोठी लाइन) पण मीटर बसवायचं त्यात आहे ते ह्याचसाठी. नुसते घरोघरी मीटर बदलून आकडा टाकलेला सापडत नाही, कारण आकडा मीटरच्या आधीच टाकलेला असतोय, तो मीटरला दिसणार कसा? तो दिसणार डीपीच्या हिशोबात.

बसवायचं काम त्यांनी सोमवारी केलं, आमची सुट्टी असते त्या दिवशी. मेन इनकमरवर, म्हणजे बाहेरची लाईट आत येते तिथं, नवीन मीटर, बहुतेक गाळ्यांचे जुने सबमीटर काढून नवीन, आणि थ्री फेजवाल्या मोठ्या दुकानांचे सीटीवाले मीटर (सीटी काय ते खाली सांगतो) होते तसेच ठेवले कारण त्यांना कम्युनिकेशनचा पोर्ट आधीच होता. सगळे आरएस-४८५ च्या, म्हणजे मीटरचं रीडिंग वाहून नेणाऱ्या, वायरीवर ओवले, मीटर रूममध्ये ते रीडिंग इंटरनेटवर पाठवणारा एक गेटवेचा डबा, त्यात सिम, झालं. पोरं दोन, दोघंही इथलीच, उद्यमनगरात ऑफिस. वायरिंग नीट केलंय, फेरूल घातलेत, प्रत्येक वायरला नंबर, पॅनेल उघडलं की बरं वाटतं. खर्च सगळा मिळून लाखाच्या आसपास आणि वर महिन्याला प्रत्येक मीटरमागं थोडे पैसे. महाग आहे का? आहे. पण आमचा फरकच महिन्याला जेवढा जात होता त्याच्यासमोर काय नाही.

आता मेन मुद्दा, सापडलं काय. पहिल्याच आठवड्यात त्या दोन पोरांतला एकजण म्हणाला, काका, तुमच्याकडं चोरीपेक्षा मोठी भानगड आहे. त्यांनी काय केलेलं, मेनचा दर पंधरा मिनिटाचा आकडा एका बाजूला आणि सगळ्या सबमीटरचे आकडे दुसऱ्या बाजूला घेऊन लिनिअर रिग्रेशन लावलेलं. ऐकायला भारी वाटतं पण सोपं आहे, प्रत्येक सबमीटरला कितीनं गुणलं म्हणजे बेरीज मेनशी जुळेल ते कॉम्प्युटरनं शोधायचं. मीटर बरोबर असेल तर उत्तर एकच्या आसपास येतं. एखादा मीटर वीस टक्के कमी दाखवत असेल तर सव्वा येतं. आमच्या सगळ्यांचं एकच्या अलीकडं-पलीकडं, आणि एका दुकानाचं तीन! जवळजवळ बरोब्बर तीन.

ते दुकान मिठाईचं, कोल्ड रूम आहे, मोटरी आहेत, थ्री फेज. आणि मालक कोण, तर मिटींगमध्ये चोर पकडा म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे आमचे अण्णाच. कमिटीतल्या दोघांचे डोळे लगेच चमकले. पण तो पोरगा म्हणाला, थांबा, तीन आलंय म्हणजे कुणी चोरून केलेलं वाटत नाही, पॅनेल उघडूया. उघडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जास्त लोडच्या मीटरमधनं सगळा करंट जात नाही, प्रत्येक फेजच्या जाड केबलवर एक कडं असतं, त्याला सीटी म्हणतात, ते करंट छोटा करून मीटरला सांगतं. त्या कड्यावर बाण असतो, करंट कुठनं कुठं जातोय त्याचा. तिन्हीपैकी निळ्या फेजच्या कड्याचा बाण उलटा होता. मग मीटर काय करतो, दोन फेजची बेरीज करतो आणि तिसरा त्यातनं वजा करतो, लोड तिन्ही फेजवर सारखा असेल तर एक अधिक एक वजा एक, म्हणजे तीनातला एकच मोजला जातो. मीटरचं बटण दाबत गेलं तर तिसऱ्या फेजचे किलोवॅट वजा चिन्हासकट समोर दिसत होते, इतके दिवस. २०२१ च्या पुरात मीटर रूममध्ये पाणी आलेलं, नंतर पॅनेल वर उचलून बसवलं, तेव्हा वायरमननं कडं उलटं घातलं आणि निघून गेला. तिथनं पुढं अण्णांच्या कोल्ड रूमचं दोन तृतीयांश बिल आम्ही सगळे स्क्वेअर फुटावर भरत होतो, आणि अण्णा पण आपल्या वाट्याचा फरक भरत बोंबलत होते.

ह्या सर्व्हिसला मी चार स्टार देतोय त्यातले तीन ह्या एका कामाचे. कारण दुसरा कोण असता तर रिपोर्टवर 'चोरी' लिहून मोकळा झाला असता आणि शाहूपुरीत राडा झाला असता. लाईट कंपनीचे स्वतःचे मीटर ह्या बाबतीत हुशार असतात, करंट उलटा झाला, कव्हर उघडलं, चुंबक लावलं, फेज आणि न्यूट्रलचा करंट जुळला नाही, ह्याची तारीख-वेळेसकट नोंद ठेवतात. आपण बाजारातनं घेतलेले स्वस्त सबमीटर गप बसतात. त्यामुळं सोसायट्यांनी पहिलं स्वतःची मापं तपासावीत आणि मग माणसांवर संशय घ्यावा.

अण्णांचा मीटर सरळ केल्यावर फरक एकदम खाली आला, पण पूर्ण गेला नाही, आणि इथं खरी मजा आहे. थोडा फरक कायम राहणारच, वायरी तापतात, त्यात वीज जाते. पण त्याला एक नियम आहे, करंट दुप्पट झाला की तापण्यातलं नुकसान चौपट. म्हणजे हा फरक दुपारी सगळे एसी चालू असताना जास्त आणि रात्री नाहीच्या बरोबर पाहिजे. आमचा उलटा निघाला. रात्री दहाच्या सुमाराला ग्राफ एकदम दीड किलोवॅटवर चढायचा, दोन-तीन तास पट्टीनं आखल्यासारखा सरळ, आणि मग एक-दीडनंतर हळूहळू उतरत पहाटेपर्यंत शून्य. साधा एसी असा चालत नाही, तो चालू-बंद चालू-बंद करतो. फ्रीजचं पण तेच. असं सरळ चालून शेवटी हळू उतरणारं म्हणजे चार्जिंगला लावलेली बॅटरी. आधी फुल करंट घेते, भरत आली की कमी कमी घेते. आणि अजून एक, रविवारच्या रात्री ग्राफ चढायचाच नाही. सोमवारी कॉम्प्लेक्स बंद, म्हणजे ज्याला सोमवारी गाडी लागत नाही असा कोण तरी आतलाच, बाहेरच्या कुणी भिंतीवरनं वायर टाकलेली नाही, हे कॉम्प्युटरसमोर बसूनच कळलं.

बेसमेंटला जाऊन बघितलं. बसबारच्या पेटीत, जिथनं सगळ्या मीटरना वीज वाटली जाते, जुन्या लिफ्टचा एक कटआऊट रिकामा होता, त्यातनं वायर काढून फायर लाईनच्या पाइपामागनं नेलेली, पुढं गोडाऊनच्या पत्र्याआड पाट्यावर सॉकेट आणि त्याला डिलिव्हरीच्या इलेक्ट्रिक स्कूटर. वायर इतकी सुबक नेलेली की दिवसा शंभरदा समोरनं जाऊन पण दिसणार नाही, त्या वायरमनला मानलं पाहिजे. गाळेवाला म्हणाला, मला सांगितलेलं कॉमनवर घेतलंय, चालतंय म्हणून. खरं-खोटं अंबाबाईला माहीत. ग्राफमध्ये किती वाजता आणि किती हे दिसतं, कुणाला काय माहीत होतं हे दिसत नाही. पैसे भरले त्यानं, डेटा सुरू झाल्यापासूनचे, आणि आता तिथं रीतसर सबमीटर आहे.

आता तक्रारी, आणि त्या पण बऱ्याच आहेत.

पहिली ती एआय स्कोअरची. डॅशबोर्डवर प्रत्येक गाळ्यासमोर एक गोल, हिरवा, पिवळा नाहीतर लाल. वापर नेहमीपेक्षा बदलला की लाल, आणि विशेषतः कमी झाला की लालभडक, कारण त्या मॉडेलच्या लेखी वापर घटला म्हणजे मीटरशी खेळ झाला. आमच्याकडं कोण कोण लाल झालं बघा. वरच्या ऑफिसवाल्यानं जुने एसी काढून इन्व्हर्टर एसी घेतले, लाल. क्लासला सुट्ट्या लागल्या, लाल. एकाच्या घरी दुःखद झालं म्हणून दुकान तेरा दिवस बंद, तो पण लाल, आणि ते व्हॉट्सॲपवर कमिटीच्या ग्रुपला आलं, 'उच्च धोका ग्राहक' म्हणून. लाज वाटली राव. आणि ज्याच्या स्कूटर चार्ज होत होत्या तो? पहिल्यापासून हिरवागार! असणारच की, त्याचा मीटर बरोबरच चालत होता, चोरी मीटरच्या आधी होती.

सेल्सवाल्यानं डेमोला सांगितलेलं, मॉडेल नव्वद टक्क्यांच्या वर अचूक आहे, चीनच्या खऱ्या डेटावर ट्रेन केलंय. हा डेटा ह्या विषयात प्रसिद्ध आहे, तिथल्या स्टेट ग्रीडचा, २०१४ ते २०१६ मधला, ४२,३७२ गिऱ्हाइकं आणि त्यातली ३,६१५ चोर म्हणून नोंदवलेली. आता तुम्हीच हिशोब करा, चोर साडेआठ टक्के. म्हणजे मी डोळे झाकून 'कोणच चोर नाही' म्हटलं तरी साडेएक्क्याण्णव टक्के अचूक! त्यामुळं नुसत्या अचूकतेच्या टक्केवारीला काय अर्थ नाही, विचारायचं असेल तर हे विचारा, लाल दाखवलेल्यांपैकी खरे किती. समजा हजार गिऱ्हाइकांत दहा चोर आहेत, मॉडेल त्यातले नऊ पकडतं आणि सरळ लोकांमध्ये शंभरात फक्त पाच वेळा चुकतं. ऐकायला फर्स्ट क्लास. पण ९९० सरळ माणसांतले पन्नासेक त्यात अडकले, म्हणजे भरारी पथक ५९ दारं वाजवणार आणि त्यातली ५० बिचाऱ्या सरळ लोकांची. आयर्लंडचा एक डेटा पण अभ्यासात लई वापरतात, २००९-१० चा, अर्ध्या अर्ध्या तासाचा, पण त्यात खरी चोरी नोंदवलेलीच नाही, संशोधक सरळ लोकांचे आकडे घेऊन त्यांना शून्य पॉइंट काहीनं गुणतात आणि म्हणतात ही चोरी, आता शोधा. तसली चोरी मॉडेलला सापडते. पाइपामागनं नेलेली वायर सापडायला वजाबाकी लागते.

ह्याचा अर्थ एआय टाकाऊ असं नाही. लाखो गिऱ्हाइकं असतील तिथं पथकानं आधी कुठं जायचं ही रांग लावायला त्याचा उपयोग होतो, आणि डीपीचा हिशोब, मीटरमधल्या छेडछाडीच्या नोंदी आणि वापराचा ग्राफ तिन्ही एकत्र बघितलं तर जास्तच. चाळीसेक गाळ्यांच्या कॉम्प्लेक्सला त्याचे वेगळे पैसे कशाला?

दुसरी तक्रार, डेटात भोकं. लाईट गेली की गेटवे बंद, बॅकअप बॅटरी दिलेली नाही. परत आल्यावर सॉफ्टवेअर मधली जागा अंदाजानं भरायचं, आणि मेन आणि सबमीटरचे अंदाज वेगवेगळे आले की स्क्रीनवर खोटी गळती. पावसाळ्यात दोन-चारदा असा नुसता धसका बसला. त्यांना म्हटलं, अरे मीटरमध्ये एकूण युनिट साठतातच की, मधला अर्धा तास हुकला तरी आधीचं आणि नंतरचं रीडिंग वजा करा, बेरीज कुठं जाणार आहे. दुरुस्त केलं पण सांगायला लागलं. तसंच गाळ्यांची अदलाबदल. एकानं पहिल्या मजल्यावरनं खाली दुकान आणलं, सिस्टीममध्ये मीटर जुन्याच नावावर. बिल याचं त्याला. मोठ्या ग्रीडमध्ये पण म्हणे हीच डोकेदुखी, कुठलं गिऱ्हाईक कुठल्या डीपीवर आहे ही यादीच चुकीची असली की पुढचा सगळा हिशोब वाया.

तिसरी जरा नाजूक. सुरुवातीला कमिटीतल्या प्रत्येकाला प्रत्येक गाळ्याचा ग्राफ मोबाइलवर दिसत होता. पंधरा मिनिटाच्या ग्राफवरनं दुकान किती वाजता उघडलं, दुपारी शटर ओढून कोण झोपलं, रात्री कोण बसलं, सगळं कळतं. एकजण लगेच दुसऱ्याला, काय भावा, काल अकरापर्यंत एसी चालू, कुणासंगं मिटींग? हे बंद करायला लावलं. आता ज्याचा त्याला ग्राफ, कमिटीला फक्त महिन्याची बेरीज आणि फरक. ही सोय आधीपासूनच पाहिजे होती.

आणि रिपोर्टच्या फॉरमॅटमध्ये शेवटी एक ओळ छापून येते, 'चोरीच्या रकमेच्या तिप्पट दंड प्रस्तावित'. कुणी सांगितलं हे? विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड फायद्याच्या तिपटीपेक्षा कमी नाही असं आहे खरं, पण ते कोर्टानं ठरवायचं. कलम १२६ मध्ये अनधिकृत वापराला दुप्पट दरानं आकारणी आहे, ते पण नेमलेल्या अधिकाऱ्याचं काम. सोसायटीच्या सेक्रेटरीला ह्यातलं काय पण करता येत नाही, मला तर नाहीच नाही. आपल्याला आपल्या ठरावाप्रमाणं युनिटचे पैसे मागता येतात, बस. आमच्यातले एक तालमीतले कार्यकर्ते वायर कापून स्कूटरच उचलायला निघालेले, त्यांना चहा पाजून बसवलं.

बाकी सपोर्ट चांगला आहे. फोन उचलतात, गाडी काढून येतात, ॲपचं मराठी जरा मशीनवालं आहे पण कळतं. रात्री-अपरात्री येणारे अलर्ट बंद करायचं बटण सेटिंगमध्ये लई आत दडवलंय, इन्स्टॉलेशनवाल्या पोराला विचारून घ्या.

घेणार असाल तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या, एक म्हणजे कच्चा डेटा एक्सेलमध्ये आपल्याला कधीही मिळाला पाहिजे, दुसरं गेटवेला बॅकअप, आणि जुने सीटी मीटर ठेवणार असतील तर प्रत्येक फेजचं रीडिंग क्लॅम्प मीटरनं (केबलला चिमट्यासारखा लावून करंट मोजतात तो) जुळवून सहीसकट द्यायचं. वर्षाची मुदत आता संपतीया, आम्ही रिन्यू करतोय, फक्त एआय स्कोअरचं मॉड्यूल काढून टाकायला सांगितलंय. ते म्हणतात पॅकेजमध्येच आहे, काढता येत नाही, पैसे कमी होणार नाहीत. म्हटलं पैसे कमी करू नका, पण ते लाल-हिरवे गोल तेवढे स्क्रीनवरनं घालवा. बोलणं चालू आहे.